एक आत, एक बाहेर

४ सप्टेंबर
आणि मी पळून आलो नाही, हे बापाला कोण सांगणार? द्राक्षमळा सोडला कारण मुकादम पगारातून गादीचंसुद्धा भाडं कापायचा. बाप फोनवर म्हणतो, केलेपी, तुझ्या पायाला भिंगरी आहे, इथे आपल्या वावाउ बेटावर एका बोटीवर टिकला नाहीस, ऑस्ट्रेलियात काय टिकणार. बघच आता. मेलबर्नच्या कडेला ग्लेनिसबाईंकडे काम मिळालंय, वसंतातली घरझाडणी, इथे वसंत सप्टेंबरात येतो. राहायला मागची खोली, खिडकीशी लिंबाचं झाड, दुपारी कोकराचं मटण. घरात बाई, त्यांचे म्हातारे वडील रेज आणि दिवस भरत आलेली लेक कर्स्टी. रिकाम्या हाताने कोणाच्या घरात शिरू नये म्हणून आईने विणलेली चटई दिली. बाई खूष. लगेच त्यांनी दारातलं पायपुसणं उचलून बाहेर फेकलं. घरात एक आलं की एक गेलं पाहिजे, असा त्यांचा नियम. म्हणून तर घर आरशासारखं आहे.

९ सप्टेंबर
काम मजेचं. निळी चिठ्ठी चिकटवली की ठेवायचं, पिवळी की दान, लाल की रस्त्याकडेच्या हिरवळीवर. तिथून पालिकेची गाडी चिरडून नेते. बाई म्हणतात, राजा, वर्षभर जिला हात लागला नाही ती वस्तू मेलेलीच. रेज आजोबा खुर्चीतून म्हणाले, मलाही वर्षात कोणी हात लावला नाही. मी गमतीने त्यांच्या पाठीवर लाल चिठ्ठी लावली. म्हणाले, नीट दाब रे, गळून पडली तर परत घरात घेतील. हसता हसता त्यांना ठसका लागला. बाई हसल्या नाहीत. चिठ्ठी काढलीही नाही.

१८ सप्टेंबर
कर्स्टी बाळाला घेऊन इस्पितळातून आली. मुलगी आहे, मुठीएवढं तोंड. सकाळीच गाडी येऊन गेली. गाडीवर बाईंचा भाचा क्रेग असतो, बैलासारखा गडी. दोघांनी मिळून मोठं लाकडी कपाट चढवलं. दारं चिकटपट्टीने गुंडाळलेली, आत हँगर खडखडत होते. जुनं लाकूड, जड असायचंच. गाडीच्या जबड्यात गेल्यावर कडाकड मोडलं. आजोबांना पहाटेच वृद्धाश्रमात नेलं म्हणे. मला सांगून गेले असते तर बरं वाटलं असतं.

२० सप्टेंबर
आजोबांची कवळी पेल्यातच आहे. चष्मा, कानातलं यंत्र, सपाता, सगळं लाल ढिगात. दात न घेता कोण जातं?
आणि त्या कपाटातले हँगर तर मी आदल्या दिवशीच काढून दानात टाकले होते.
बाईंना विचारलं. बाळाचा लंगोट बदलता बदलता म्हणाल्या, तूच तर चिठ्ठी लावलीस, राजा. बाळ आत आलं ना.

२२ सप्टेंबर
बाईंनी मानासेला बोलावलंय. माझ्या धाकट्या भावाला. तिकीटही पाठवलं, गुरुवारी संध्याकाळचं विमान. बाळ आलं तेव्हा आजोबा गेले. आता मानासे येणार, तर—
पोलिसांकडे जाता येत नाही. मळा सोडला तेव्हाच कामाचा परवाना गेला. पासपोर्ट बाईंच्या कपाटात. तरी पळेन मी, पळायची सवयच आहे. पण मी पळालो तर पोरगं एकटंच या दारात उतरेल.

२३ सप्टेंबर
बापाला सगळं सांगितलं. हसला. म्हणाला, काम टाकायला दर वेळी नवी गोष्ट काढतोस, भावाचं बरं झालेलं बघवत नाही तुला. मागून मानासे ओरडला, दादा, खिडकीकडची बाजू माझी. पाया पडलो बापाच्या, फोनवरच. शेवटी म्हणाला, तो नको असेल तर त्याच्या महिन्याच्या कमाईएवढे गुरुवारी दुपारच्या आत धाड. पैसे दिसले तर ठेवतो घरी.

२४ सप्टेंबर
बाई पगार देणार. हिशेबाला चोख आहेत. उद्या सकाळी, गॅरेजमधलं शेवटचं कपाट रिकामं केलं की. गाडी पुन्हा मागवलीय—

२५ सप्टेंबर
माझे कपडे लाल ढिगात. बूटही. पासपोर्टवरही लाल चिठ्ठी.

पगार जमा झाला, फोनवर दिसतोय. आज गुरुवार, मानासे अजून घरीच आहे. दुपारपर्यंत वेळ आहे.
गॅरेजमध्ये आहे. कपाट माझ्याहून हातभर उंच. रिकामं. क्रेग दारात उभा, गाडी चालूच ठेवलीय. बाई म्हणतात, राजा, जरा आत वाकून बघ, कोपऱ्यात काही राहिलंय का—
एक मिनिट मागितलं. घरी पैसे पाठवतो म्हटलं. क्रेग म्हणाला, लिही लिही, शाळा शिकला असतास तर लवकर झालं असतं.
शून्यं चुकतात माझी, म्हणून आधी फोनवरच्या याच डायरीत लिहितो, मग बटण दाबतो—
मला आत ढकलून कपाटाचं दार लावलं त्याने. चिकटपट्टी ओढल्याचा—
बापाच्या नावे. मानासेला सोडू नको. पाठवतोय, डॉलर सहाशे चाळी