मुकादम ‘व्हय महाराजा’ म्हणाला

मुकादमा, जिवंत होतास तोवर ‘अहो’ म्हटलं, आता ‘अरे’ म्हणते. तुला जाऊन आठ पावसाळे झाले. राग आला तर येऊन सांग. मला अक्षर येत नाही, नात लिहितेय. शिव्या गाळू नकोस म्हणून बजावलंय, तरी शाळा शिकलेली, दोन-तीन गाळेलच.

वेंगुर्ल्याच्या बंदरात धक्का बांधत होते तेव्हा लोखंड उचलायला तूच शिकवलंस. दोघींनी मोळीची दोन टोकं खांद्यावर घ्यायची, तू ‘सोड’ म्हणालास की एकदम टाकायची. मोळी सहा सळयांची, हे ठरलेलं. त्या दिवशी जेवणाआधी ट्रक रिकामा करायची तुला घाई, म्हणून अकरा बांधल्यास. मी म्हटलं, जड होतील. तू हसलास. “काय गो वयनी, लोखंडाक भितंस?” मोळी घसरली आणि माझा उजवा हात धक्क्याच्या कडेवर चेचला. दोन बोटं सावंतवाडीच्या दवाखान्यात राहिली. तू ठेकेदाराला सांगितलंस, “बायचा लक्ष नव्हता. सळयो सहाच होत्यो.” गावानं तुझंच खरं मानलं. घरात सूनही विचारते, “आये, खराच लक्ष नव्हता?”

जत्रेला मी गुरवाच्या हातात नारळ दिला आणि काय बोलायचं ते कानात सांगितलं. तू पुढच्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून उभा. गुरव गाऱ्हाणं घालतो, “बा देवा महाराजा, ह्या बायच्या खांद्यार अकरा सळयो चढवून जेना तिचो हात मोडल्यान आणि वर तिकाच खोटी पाडल्यान, तेका तूच बघून घे रे महाराजा.” सगळा गाव म्हणतो, “व्हय महाराजा.” सगळ्यात मोठा आवाज तुझा. गाऱ्हाणं तू कधी नीट ऐकलंस? गावाबरोबर होकार देऊन प्रसादाकडे वळायची सवय. शेजारच्यानं विचारलं, “रे, तू कित्याक व्हय म्हणतस?” देवळात हशा उठला. तुझं तेव्हाचं तोंड पुन्हा बघायला मिळत असेल तर मी तिसरं बोटही देईन.

पुढे तू मासळीबाजारात शिरलास की बायका एकमेकींना म्हणायच्या, व्हय महाराजा. तू मरेपर्यंत म्हणाल्या. सुरुवात मी करून द्यायचे. सुनेनं पुन्हा काही विचारलं नाही.

नात म्हणते, हे पाठवायचं कुठे? कुठेच नको. तुझ्या मुलाच्या हाती पडलं तर पंचाईत. तू ‘सोड’ म्हणायच्या आधीच, पदर सावरायला मी एक हात काढला होता. देवापुढेही हे बोलले नाही. सळया अकरा होत्या, हे खरंच. माझं लक्ष नव्हतं, हेही.