गारांच्या दिवशीचा फोटो

ता. ९ एप्रिल १९३६
...पाणी भरून झालं की मी तांदूळ निवडत बसायची आणि हे मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे. माझं सूप तसंच राही, मी अक्षरं बघे. पुढे माझी मीच वाचायला शिकले. आज कोणी विचारलं, हे दिसायला कसे, तर तेवढ्या सकाळच्या आठवणीच सांगता येतात. फोटो एकही नाही. कुसुमला तर बाप आठवतच नाही.
आता लग्न होऊन तीही कराचीला चालली. जावई तिकडे रेल्वेत. म्हणते, "आई, तुझा तरी फोटो दे. तिकडे मी कोणाचं तोंड बघू?"
उद्या दोन्ही घरांचा फोटो. बघू.

ता. १० एप्रिल
विहीणबाईंची हौस, मागे गोदावरी दिसली पाहिजे. फोटोवाले इस्माईलभाई घाटावर हजर. लग्नसराई, म्हणून फोटो उठवायची काच एकच उरलेली. मी कुसुमशेजारी जाणार तोच वि.बाई हळूच म्हणाल्या, "तुमचा मागाहून वेगळा काढू हं. नव्या जोडप्याचा पहिलाच फोटो आहे." विधवा त्यात नको, एवढंच. वाईट नाही बोलल्या. पण एका काचेत वेगळा कुठला? मी सगळ्यांच्या चपला राखत उभी. कुसुमचं तोंड एवढंसं.
आणि फोटो निघायच्या आतच गारा! बोराएवढ्या. खुर्च्या उलट्या, कॅमेरा इस्माईलभाईंच्या पोटाशी, सगळे धावत माझ्या घरात. तेच जवळ.
व्याही म्हणाले, "गोदावरी मागे हवी होती ना? घ्या, डोक्यावरून आली!"
वि.बाईंचे दात वाजत होते, तरी हसता हसता खाली बसल्या. त्यांचा शालू चिंब भिजलेला. माझी लुगडी सगळी पांढरी, सवाष्णीला कशी द्यायची? ट्रंक उघडली. तळातलं हिरवं काढलं.
"कोणाचं हो?"
"माझंच. हे असतानाचं."
काठावरून हात फिरवला त्यांनी. आणि नेसल्या.
चहा झाला. परातभर गारा वेचल्या, जावईबापूंनीही खाल्ल्या. इतकी माणसं या घरात कधी हसली होती...
पाऊस ओसरला. इस्माईलभाई म्हणाले, "उजेड कम आहे. ओट्यावर बसा, देखते हैं."
मी चुलीपाशीच होते. बाहेरून वि.बाईंची हाक, "अहो, लुगडं तुमचं आणि तुम्ही आत? या, बसा मुकाट्याने!"
बसले. कुसुमशेजारी.
"अब कोणी हलू नका!"
कुसुमने पदराआडून माझा हात धरला. मी हलले बहुतेक.
पाऊस नसता तर अजून चपलाच राखत असते. देवाकडे आज काही मागितलं नाही. नुसता नमस्कार केला.

ता. ११ एप्रिल
कुसुम गेली. स्टेशनावर रडलो, हसलोही. इस्माईलभाई भेटले. "काच धुतल्यावर कळेल, बाई. फोटो उठला तर कराचीला एक, तुम्हाला एक."
वि.बाई लुगडं धुऊन परत देत होत्या. म्हटलं, राहू द्या. तुम्हाला शोभतं.
घर शांत. पण कालचं हसणं कानात आहे अजून.

ता. १२ एप्रिल
मंडईत गेले. वाटेत इस्माईलभाईंचं दुकान उघडं होतं. आत गेले नाही. फोटो उठो न उठो, कुसुमशेजारी बसले ते बसलेच. गारांनी पडलेल्या कैऱ्यांचे ढीग लागले होते. ओटीभर आणल्या, चिरल्या आणि लोणचं घातलं.