रेडिएटरमधली हळद

आई, काल भरलेली गाडी कुंभार्ली घाट चढून वर आली आणि इंजिन तापलं नाही. तू म्हणशील, त्यात एवढं काय? पण चिपळूणकडून चिऱ्याचा दगड भरायचा, कोयनानगरला वर यायचं आणि गाडी तापायची नाही, असं गेल्या चार-पाच वर्षांत एकदाही झालेलं नाही. निम्मा घाट झाला की काटा लाल रेघेवर. मग गाडी कडेला घ्यायची, चाकाखाली धोंडा लावायचा आणि वाफ निवेपर्यंत मागच्या गाड्यांच्या शिव्या खात बसायचं. काल काटा मधे जो बसला तो हललाच नाही. मी दोनदा काचेवर टिचकी मारली, म्हटलं काटाच मेला की काय. शेजारी तुझी नात बसली होती. म्हणाली, "पप्पा, काटा जित्ता हाय. तुमी रस्त्याकडं बघा." तू गेलीस तेव्हा ती रांगत होती, तुझं बोलणं तिनं ऐकलेलं नाही. तरी बोलते अगदी तुझ्यासारखी, थोडकं आणि नेमकं.

हे सगळं तिनंच केलंय. डिप्लोमा करून घरी आल्यापासून माझ्यामागं लागली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. मी इंजिनचा डिझेल-पंप वाढवून घेतला, ताकद वाढली तशी उष्णताही वाढली, आणि रेडिएटर मात्र जुनाच, तीन ओळींच्या जाळीचा. "ताकद वाढवली तवाच रेडिएटर वाढवायला पायजे हुता," एवढंच ती म्हणायची. मी काय केलं असेल, तुला सांगायला नको. अंगणात, शेजारपाजारच्या देखत ओरडलो, "तुला काय कळतंय गं गाडीतलं? घाट काय कॉलेजात शिकिवत्यात व्हय?" ती पाण्याची बादली उचलून आत गेली. आणि आई, त्याच क्षणी मला खंबाटकी घाटातला आपला तो दिवस आठवला. आठवला तरी मी तिला माघारी बोलावलं नाही. पंधरा दिवसांनी कुंभार्लीत गाडी अशी उकळली की अर्धा दिवस तिथंच गेला. घरी येऊन किल्ली तिच्यापुढं टाकली आणि म्हणालो, "बघ तुझं काय ते." झक मारली आणि ऐकलं नाही, असं म्हणायला पाहिजे होतं. ते मला कुठलं जमायला?

कराडच्या मिस्त्रीकडं तिनं जुना रेडिएटर खोलायला लावला. मीही उभा होतो, मिशीवर हात फिरवत. खालची टाकी निघाली आणि आत पिवळाधमक गाळ. जाळीच्या निम्म्या नळ्या बुजलेल्या. मिस्त्री हसायला लागला. तुझी नात बोटानं तो लगदा काढून वास घेत म्हणाली, "पप्पा, ह्यात आमटी केली हुती काय?" मी म्हणालो, "गळती थांबायला हळद घालत्यात. मी शोधून काढल्यालं हाय."

मी शोधून काढलेलं! बघ, जीभ कशी बिनधास्त चालते.

तेव्हा खंबाटकीचा बोगदा झाला नव्हता. माझी पहिली गाडी, सांगलीची हळद भरलेली, आणि तू पुण्याला मावशीकडं बारशाला निघालेली. क्लीनर आजारी, म्हणून त्याच्या जागेवर तू बसलीस, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. घाटात रेडिएटरला बारीक चीर पडते, पाणी भुर्रकन खाली आणि वाफ काचेवर. मला रडू यायचं बाकी आहे. लग्न झालेला माणूस मी, तरी अशी गत, कारण इंजिन तापून जाम झालं तर गाडी गेली, आणि गाडी गेली की मीही संपलो. तू खाली उतरतेस आणि म्हणतेस, "आरं, हळद घाल की त्यात." तुझ्या वडिलांच्या विहिरीवरच्या इंजिनाची गळती तू लहानपणी तशी थांबवलेली पाहिली होतीस. पण मी तुला ते सांगूही दिलं नाही. चार ट्रकवाले बघत असताना ओरडलो, "तुला काय कळतंय गाडीतलं? चूल हाय व्हय ही?" आणि कॅन घेऊन पाणी आणायला गेलो.

परत येतो तर तू रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसलेली. पोत्यातून गाडीच्या मागच्या फाळक्यावर सांडलेली हळकुंडं वेचून, एका सपाट धोंड्यावर दुसऱ्या धोंड्यानं कुटत होतीस. पदरातून गाळून मूठभर पूड केलीस. तोवर इंजिन निवलं होतं. मी ती पाण्यात कालवून रेडिएटरमधे ओतली. थेंब थेंब करत गळती थांबली. गाडी घाट चढली. तू तेव्हाच बजावलं होतंस, "हे आजच्या दिसापुरतं हाय रं. घरला गेल्यावर नीट करून घे." ते अर्धं वाक्य मी सोयीनं विसरलो आणि पुढं वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक गाडीला हळद पाजत राहिलो.

वर चहाच्या टपरीवर तेच ट्रकवाले आले. "काय केलंस गड्या?" मी म्हणालो, "हळद घातली. डोकं लागतं." तू शेजारीच होतीस. तुझे दोन्ही तळवे पिवळे झालेले. तू ते पदराखाली घेतलेस, म्हणजे कुणाला दिसू नयेत. माझ्याकडं बघून हसलीस आणि डबा उघडून सगळ्यांना लाडू वाटलेस. अगं, किती गोड होतीस तू! एक सणसणीत ठेवून द्यायची होतीस.

आता कालचं सांगतो. घाट चढून हेळवाकला गाडी लावली. जुने ओळखीचे ड्रायव्हर होते. त्यांनी माझा घाम न आलेला चेहरा बघितला, गाडीभोवती फिरले, वाकून बघितलं. चार ओळींची नवी जाळी, पंख्याभोवतीचं कव्हर, जे मी कधीचं काढून फेकलं होतं, आणि बोअरच्या पाण्याऐवजी आत हिरवं कूलंट. "कुणाचं डोकं रं हे?" एकानं विचारलं. आणि मी म्हणालो, "माझंच की. दुसऱ्या कुणाचं?" सवयीनं गेलं तोंडातून, आई. वळून बघतो तर मागं पोरगी उभी, दोन हातात चहाचे दोन ग्लास.

तिनं ग्लास माझ्या हातात दिला. म्हणाली, "साखर कमी हाय, बघा." बस्स. कराडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. तू माझी लाज राखलीस, कारण मी तुझा मुलगा होतो आणि तुला मी तसाच, बढाईखोर, आवडत होतो. तिनं का राखावी? तिला पुढं स्वतःचं गॅरेज टाकायचं आहे. बापच तिचं काम आपल्या नावावर सांगत फिरला तर उद्या तिच्याकडं कोण येणार?

सकाळपासून हे लिहितोय. खंबाटकीचं कबूल केलं, कालचंही केलं, तुझी माफीही मागतोय. मनातून लय हलकं वाटायला पाहिजे होतं, वाटत नाही. कारण खरं सांगू का, तुला लिहायला मला धीर लागलाच नाही. तुला वाचता येत नव्हतं. जिला येतं ती बाहेर अंगणात गाडी धुतेय, आणि तिचं पाऊल उंबऱ्यापाशी वाजलं की मी हा कागद पालथा घालतोय.