मंदाबाईला मनाई

मु. पिंप्री,
चैत्र, सन १९५६

चि. भटूस अक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे? धुळ्याची धूळ वाईट. (तुझ्या वकिलाच्या कागदांवरची त्याहून वाईट.) मी खूप खुशीत आहे. वरणगावहून लेकाचं कार्ड आलं, नातवाला दात फुटला. आणि तू म्हणालास तसं झालं, आपण जिंकलो!

जळगावच्या दिवाणी कोर्टाने माझी धाकटी जाऊ मंदाबाई हिला तूर्तातूर्त मनाई केली. तिने माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, दारात राख टाकायची नाही. स्वतः नाही आणि दुसऱ्या इसमामार्फतही नाही. (तिची शेळी माझी तुळस खाते, ती इसमात धरतात का, वकिलाला विचार.) दिवाळीत छगन दीर गेले तेव्हापासून तिचं असं झालं होतं. उजाडलं की भिंतीपलीकडून सुरू, जसं काही मीच त्यांना नेलं.

कोर्टातली गंमत राहिली. साहेब म्हणाले, ही बाई काय बोलते ते सांगा. मी पदर सावरून सगळं सांगितलं, अगदी तिच्या सुरात. कारकुनाने टाक खाली ठेवला. तेवढ्यात मागून मंदाबाई उठली, "हाई शिवी मन्ही नही शे साहेब, मी यान्हाथीन जोरनी देयेल व्हती!" (म्हणजे तिची याहून जोरदार होती!) साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. येताना दोघी एकाच मोटारीने आलो (दुसरी नव्हती). ती खिडकीकडे तोंड करून बसली. उतरताना सवयीने माझी पिशवी तिने खाली दिली, मग आठवलं तशी हात झटकून निघून गेली.

तेव्हापासून इकडे फार शांत आहे. पाण्याला जाताना ती माझ्या दारावरून जात नाही, मारुतीला वळसा घालते. खोकला आला तर तोंडात पदर कोंबते. भाकरी थापताना माझा कान भिंतीकडेच असतो. मध्ये तापाने पडले होते. भिंतीवर पेजेची वाटी ठेवलेली दिसली. मी भिंत धरत पोचेपर्यंत मांजराने सांडली. बाकी सगळं छान आहे.

तुझी,
अक्का

ता. क. अखाजी तोंडावर आली, अक्षय्य तृतीयेला पितरांना पाणी द्यायचं. दिरांची ही पहिली घागर. आपल्यात मेलेल्या माणसाची घागर थोरल्या घरच्या देवांपुढेच भरतात, म्हणजे माझ्याकडे, माझ्या धन्याच्या घागरीशेजारी. भावाशेजारी भाऊ. मंदाबाई आली नाही तर तिच्या माणसाला पाणी कोण देणार? मी भिंतीवरून हाक मारली, ये गं. तिने उत्तर मला नाही, शेळीला दिलं, "कोर्टनी मनाई शे वं बाई, अक्का कोन उठाडनारी?" आत जाऊन रडली, मला ऐकू आलं. तर भाऊ, वकिलाला सांगून अखाजीच्या आत तो हुकूम उठव. मी सांगितलं असं म्हणू नको. कोर्टाला आपणहून वाटलं म्हण.

ता. क. दुसरी. शेळीवरची मनाई राहू दे. शिव्यांची मात्र आठवणीने उठव, कागदावर लिहून घे. ती आली, घागर भरली आणि काही न बोलता परत गेली, तर मला ते सोसायचं नाही.