टोपलीतली चिठ्ठी

मंगळवार, १ ऑक्टोबर
डॉ. वगदींकडे जाऊन आलो. इन्साफला सांगितलं, पेन्शनचं काम. बायकोला सगळंच कशाला सांगायचं?
डॉक्टर म्हणतात, फिक्रीसाहेब, मेंदू निरोप धाडतो, मज्जातंतू तो नेतात, पलीकडचे रिसेप्टर उचलतात, मग काम होतं. तुमच्या साखरेने मज्जातंतूच पोखरलेत. गोड बंद, आणि ही गोळी.
मला शिकवतात! तीस वर्षं अलेक्झांड्रियाच्या टेलिफोन खात्यात काढली. तक्रार आली की माझं उत्तर ठरलेलं: लाइन ठीक आहे, तुमचं यंत्र बघा.
औषधाचं दुकान आमच्या घरासमोरच. तिथे चिठ्ठी दाखवायची म्हणजे गल्लीभर दवंडी. जुन्या बुटात दडवली. वाटेत बसबूसा खाल्ला, पाकातला. उद्यापासून गोड बंद.

गुरुवार, ३ ऑक्टोबर
गुरुवारची रात्र म्हणजे नवरा-बायकोची रात्र, शुक्रवारी सुट्टी. भरलेली कबुतरं घेतली, ताकदीसाठी गर्गीरच्या चार जुड्या. सामान वर घ्यायला इन्साफने चौथ्या मजल्यावरून दोरीने टोपली सोडली आणि ओरडली, अहो, एवढा पाला? घरात शेळी बांधलीय का? खालचा बयूमी न्हावी खो खो हसला.
कंबर धरली म्हणून लवकर झोपलो. वारं बाधलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेतलीत? म्हटलं, घेतली, काडीचा गुण नाही. औषध कुचकामी निघणार हे मी आधीच ओळखलं होतं.

गुरुवार, १० ऑक्टोबर
इन्साफने विचारलं, मंगळवारी अत्तर लावून कुठे जाता? गुरुवारी भिंतीकडे तोंड का करता? दुसरी केलीत ना?
खरं सांगणारच होतो. तोंडून निघालं, केली.
ती रडली. वाईट वाटलं. पण पुरुषाची अब्रू राहिली.

शनिवार, १२ ऑक्टोबर
बयूमी म्हणाला, वा रे पठ्ठ्या, ह्या वयात! फुकट दाढी केली, वर चहा पाजला. छाती फुगली.
इन्साफ बोलत नाही. सोमवारी भाऊ न्यायला येणार, कायमचं. जाते कुठे? बत्तीस वर्षांचा संसार आहे.

रविवार, १३ ऑक्टोबर
बॅग भरली तिने. लग्नातला फोटो भिंतीवरून काढला. घर खायला उठलंय. सकाळी सगळं सांगून टाकायचं, नक्की.

सोमवार, १४ ऑक्टोबर
सकाळी दाढ दुखत होती, बोलता आलं नाही.
इन्साफ जाण्याआधी माझे बूट, जुनेसुद्धा, पुसायला बसली. सवयच तिला. चिठ्ठी सापडली. मंगळवारची तारीख, मर्दानगीची गोळी, सगळं वाचलं आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, एवढंच होय? माझा जीव घेतलात की हो! भावाला फोन केला, येऊ नकोस.
मग बाल्कनीत गेली. मी हातापाया पडलो. तिने चिठ्ठी टोपलीत घालून खाली सोडली आणि औषधवाल्याला हाक मारली, अहो, ह्यांच्या गोळ्या द्या, महिनाभराच्या! आणि ऐका हो सगळे, दुसरी-बिसरी कुणी नाही, इथे एकीचेच वांधे आहेत!
गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या.
टोपली वर आली. खाली गोळ्या. वर गर्गीरची एक जुडी, बयूमीकडून.