बारोनची गोळी आणि लाल झगा

लेउवार्डन, ९ नोव्हेंबर

चि. सीत्सेस,

अनेक उत्तम आशीर्वाद. साठी उलटली तरी धाकटा तो धाकटाच.

माझं खुब्याचं हाड जुळतंय, पण डॉक्टर जानेवारीपर्यंत सोडायला तयार नाहीत. फोनवर तू नुसतं हो हो करतोस आणि मागून फुटबॉल ऐकू येतो, म्हणून लिहून पाठवते. माझ्या घोड्याला, बारोनला, रोज सकाळी एक गोळी द्यायची. ती कुटायची नाही, काकडीच्या फोडीत दडवायची आणि नंतर हात धुवायचे. त्याच्या मेंदूतली ग्रंथी बिघडली आहे. ऐन जुलैत अंगावर अस्वलासारखे केस असतात ते त्यामुळेच. आणि गोड पोटात गेलं की थेट खुरांना सूज येते. गवत भिजवून दे. साखर, सफरचंद, पाव, काही नाही.

शनिवारी गावात पोरांना भेटी वाटायला घोड्यावरून संत सिंटरक्लास येणार, म्हणजे तूच लाल झगा घालून, दाढी लावून येणार. यंदा बारोनच्या पाठीवर बसू नकोस, लगाम धरून चाल. आणि पोरं सिंटच्या घोड्यासाठी गाजरं आणतील, ती पोत्यात टाक. त्याच्या तोंडात नको.

लोभ आहेच, तो गोळीसारखा रोज असू दे.

तुझी ताई, फ्रौक्ये


१७ नोव्हेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं फर्मान पोचलं. आबांच्या काळी घोडा आजारी पडला की त्याला अंगणात फिरवायचे. आता म्हणे ग्रंथी! मला रक्तदाबाची गोळी कुणी काकडीत घालून देत नाही, तरी मी जिवंत आहे. असो. तुझा लाडोबा काकडी मटामटा खातो, काळजी नसावी.

मिरवणूक झक्क झाली. मी पायीच चाललो, आणि पाठीचा त्रास मला झाला, त्याला नाही. गाजरांचं म्हणशील तर थोडी दिली. चिमुरडी पोर रिवाजाप्रमाणे बुटात ठेवून जपून आणलेलं गाजर पुढे करते, आणि सिंटरक्लासनं काय सांगायचं, माझ्या घोड्याला पथ्य आहे? एकीचं घेतलं की दुसरा भोकाड पसरतो. सगळ्यांचं घ्यावं लागलं. सिंटला पक्षपात शोभत नाही.

मायेत अंतर नसावं, काकड्या महाग झाल्या तरी.

तुझा, सीत्से


२४ नोव्हेंबर

सीत्से,

आशीर्वाद आज राहू देत.

शेजारच्या हिल्केचा फोन आला होता. बारोन पुढचे पाय ताणून, सगळा भार मागे टाकून उभा आहे आणि टापा तव्यासारख्या तापल्यात. गव्हाणीखाली तिला गोळ्यांची रास सापडली. काकडी खाऊन तो गोळी थुंकत होता, आणि तू पाठ फिरवून घरी! तुझ्यापेक्षा त्या आजारी घोड्याला जास्त अक्कल आहे.

घोड्याच्या डॉक्टरीण बाईंनी हिल्केला स्पष्ट सांगितलंय की आता गोळीत पुन्हा खंड पडला तर खुरं टिकणार नाहीत, मग शेवटचं इंजेक्शन द्यावं लागेल. मी इथे खाटेवर असताना त्याला मातीत घातलंस तर तुझं तोंड पाहणार नाही. हे रागानं लिहिलेलं नाही, मला खरंच भीती वाटते आहे.

फ्रौक्ये


१२ डिसेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

बारोन गोळी घेतो. गिळेपर्यंत मी उभा असतो, वर तोंडात बोट घालून बघतो. टापा निवल्या आहेत. कसं जमवलं ते विचारू नकोस.

दुसरी बातमी तू हिल्केकडून ऐकण्याआधी मीच सांगतो. सिंटनं आपलाच घोडा लंगडा केला असं पोरांच्या आयांनी मिरवणुकीच्या समितीला कळवलं. पुढच्या वर्षी बेकरीवाल्याचा जावई सिंट होणार. त्याला घोडा नको, तो बॅटरीच्या सायकलवरून येणार. मी तीस वर्षं झगा घातला. माझा सत्कार झाला एका केकच्या तुकड्यानं, तोही कालचा. झगा जानेवारीअखेर धुऊन परत मागितला आहे. चूक माझी होती, पण लागलं ताई.

आपला लोभ समितीला देऊ नये.

सीत्से


६ जानेवारी

चि. सीत्सेस, अनेक आशीर्वाद, मागचे थकलेलेसुद्धा.

हिल्केनं सगळं सांगितलं. इथे हसून हसून खुबा दुखला, नर्स धावत आली. सिंटरक्लास डिसेंबरातच देशाबाहेर गेला असं अख्खं गाव समजतं, आणि हा बाबा रोज सकाळी झगा गुडघ्यापर्यंत खोचून, उंच टोपी सायकलच्या टोपलीत टाकून माझं फाटक ओलांडतो! पाच डिसेंबरला, सिंटच्या सणाला, तू शाळेतून तसाच दाढीसकट गवत टाकायला आलास, पांढरा हातमोजा पुढे केलास आणि त्यानं गोळी निमूट गिळली, हे खरं ना? त्याला वाटलं असणार, सिंट देतो ते चांगलंच असतं. इतका विश्वास गावानं ठेवला नाही.

मी वीस तारखेला येते. मग तू सुटलास.

माया आहे, हसू आवरत नाही एवढंच.

ताई


२३ जानेवारी

चि. सीत्सेस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आज पहिल्यांदा काठी टेकत तबेल्यापर्यंत गेले. बारोन झकास दिसतो. मी गोळी पुढे केली, त्यानं थुंकून टाकली. मग तू काल खुंटीला टांगून गेलेला झगा मी अंगात चढवला, दाढी लावली, हातमोजे घातले. त्यानं मला वरपासून खालपर्यंत हुंगलं, गोळी माझ्या बुटावर टाकली आणि फाटकाकडे बघत उभा राहिला. तू झग्याशिवाय दिलीस तेव्हाही थुंकत होता, म्हणजे त्याला नुसता झगा नको आणि नुसता तूही नकोस. त्याला झग्यातला तूच लागतोस.

तेव्हा हिल्केच्या हातची ही चिठ्ठी मिळताच ये, आणि उद्या सकाळपासून पुन्हा रोज. समितीला मी कळवलं आहे की झगा परत मिळणार नाही, तो औषधाच्या कामी लागतो. गावानं सिंट बदलला असेल, बारोननं बदललेला नाही.

तुझी ताई

ता. क. चहा टाकून ठेवते. दाढी काढून पी.