चालू होईपर्यंतचा चहा

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी.
आजपासून तीन गोष्टी. राग बंद. त्रिंबकमामांच्या झेरॉक्सच्या दुकानातला लॅपटॉप फास्ट करणे. मग रोहिणीला विचारणे. क्रम बदलायचा नाही.

शनिवारची बेइज्जती डोक्यातून जात नाही. रोहिणी नर्सिंगच्या ॲडमिशनची यादी लागली का बघायला रोज गेवराईत येते. ती साइट मोबाइलवर उघडत नाही, हे माझं नशीब. बटण दाबलं, स्क्रीनवर गोल फिरायला लागलं. ती स्टुलावर बसली. शेजारच्या मुंजाजीच्या हॉटेलातून चहा आला, संपला. मावशीचं भांडण सांगून झालं, कालवडीनं वडिलांचा टॉवेल खाल्ला ते सांगून झालं. गोल फिरतंच. शेवटी म्हणाली, "लई दमानं चालतं रे हे."
हे म्हणजे लॅपटॉप. पण बघितलं माझ्याकडं.
सेकंड इयरपर्यंत कम्प्युटर शिकलेल्या माणसानं हे ऐकून घ्यायचं?

त्याच दिवशी, संध्याकाळी.
लॅपटॉपला एक फटका मारला. राग नव्हता, टेस्टिंग होतं. एक की निखळली. फारशी लागत नाही ती.

७ ऑक्टोबर, मंगळवार.
रोग सापडला. लॅपटॉप चालू झाला की त्याच्याबरोबर अख्खी वरात उठते. सगळे प्रोग्राम डिसेबल केले. प्रिंटरचे तीन, कुठला तरी गेम, मामांची आरती. दुकान उघडलं की लॅपटॉपमधून आपोआप आरती वाजावी ही सोय मीच करून दिली होती, तो भाग वेगळा.
मामा आले. आरती नाही. विचारलं, "देव कावून बंद केला रे?" मी शांतपणे समजावलं की देव बंद नाही केला, स्टार्टअपमधून डिसेबल केलाय. मामांनी चप्पल काढली. मग मी पण आवाज चढवला. राग बंद उद्यापासून.
रोहिणी आली. काडीचा फरक नाही. चहा पूर्ण, वर बिस्किटं. लातूरला नंबर लागला तर काय काय करणार ते सांगत होती. हॉस्टेल, पांढरा ड्रेस, मैत्रिणी. नीट ऐकलं नाही. माझं लक्ष गोलावर.

८ ऑक्टोबर, बुधवार.
मुंजाजीचं म्हणणं, कशाला मरतोस, राहू दे की हळू, माझे रोज दोन चहा जातात. स्वार्थी माणूस. सुनावलं त्याला. तर म्हणतो, कॉलेजनं सोडलं तुला, आता लॅपटॉप पण सोडील.
कॉलेज मी सोडलं. प्रॅक्टिकलला सरांच्या अंगावर माऊस फेकून सोडलं. वायरवाला होता, पोचला नाही. पण फेकला.
लॅपटॉप खालून तव्यासारखा तापतोय. उद्या खोलणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
खोलला. पंख्यात अक्षता! तांदूळ, हळदीकुंकवाचा गाळ, झेंडूच्या पाकळ्या. खंडेनवमीला मामांनी झेरॉक्स मशीन, कात्री, स्टेपलर सगळ्यांची पूजा केली. लॅपटॉपची जास्त मनापासून केली, उलटा ठेवून, जाळीवर. आणि हे वर्षानुवर्षं चाललंय. खालचा थर जुना होता.
चिमट्यानं एकेक दाणा काढला. जोडला. एक स्क्रू उरला, जास्तीचा असेल.
बटण दाबलं. डोळा लवायच्या आत चालू. बंद केला, परत चालू. मामांना मिठी मारली. ते घाबरले.
उद्याच विचारणार. आता कशाला थांबायचं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी.
आली. मुंजाजीला दोन चहा सांगितले, बटण दाबलं. ती स्टूल ओढेपर्यंत स्क्रीन हजर. यादी लागलेली. तिचं नाव आहे. लातूर. प्रिंट निघाली. स्टूल तसंच, ओढलेलं. प्रिंट घडी करत, खुशीत म्हणाली, "हे आधीच कावून न्हाई केलं? रोज किती येळ फुकट गेला माझा."
फुकट.
चहा आला तेव्हा ती स्टँडवर पोचली असेल. दोन्ही मीच प्यायलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
सगळे प्रोग्राम परत एनेबल केले. प्रिंटरचे तीन, गेम, आरती. मामा खूश. तरी लॅपटॉप पटकनच चालू होतोय. हरामखोर.

११ ऑक्टोबर, शनिवार.
मुंजाजीकडून कळलं, लातूरला जायच्या आधी ती सोमवारी दुकानात येणार आहे. म्हणजे संपलेलं नाही. कामाला लागलो. मामांच्या देव्हाऱ्यातून मूठभर अक्षता घेतल्या, पंख्यात भरल्या. वर पाकळ्या. तपासलं. गोल फिरतंय, मस्त फिरतंय. विचारायचं वाक्य पाठ केलं. चहा, बिस्किटं सांगून ठेवली. या वेळी चूक नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार.
आली. मार्कशीटच्या झेरॉक्स पाहिजे होत्या.
झेरॉक्सला लॅपटॉप लागत नाही.